चिमटीतली लव

मासे भुलवायला गळावर खोटी माशी बांधताना दोऱ्याला सशाची लव वळून चढवावी लागते. मी बोटं ओली करून ती पुढे-मागे चोळायचो. पुढे जाताना बसलेली लव मागे येताना सुटायची. शिवाय घ्यायचोही भरपूर. माशीऐवजी गळावर सुरवंट बसलेला दिसे.

शेजारी पाटावर वाती वळत बसलेली माझी बायको एकदा हसून म्हणाली, "अहो, एकाच बाजूनं वळा. आणि घेतली असं वाटणारही नाही, इतकीच घ्या." मला राग आला. नदीत कधी पाऊल न टाकलेली बाई मला शिकवणार! मी हट्टानं सुरवंटच बांधत राहिलो.

आज खिडकीतून वारा आला आणि चिमटीतली बहुतेक लव उडून गेली. उरली ती धुक्याएवढी. तेवढीच एका बाजूनं वळली, तर दोरा कुठला आणि लव कुठली, ओळखू येईना. इतक्या थोडक्यात भागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

"जमलं गं," म्हणत मी माशी शेजारी धरली. तिथे तिचा पाट भिंतीला टेकवून उभा आहे. दिव्यात आता मी दुकानातल्या वाती लावतो. फार जाड असतात त्या.