ओतायचं राहिलेलं पाणी

अक्कांनी, म्हणजे माझ्या नणंदेने, टाकीत तांब्या बुडवला तेव्हा यांना घरातून नेऊन अर्धा तासही झाला नव्हता... आमच्याकडे माणूस गेलं की घरात साठवलेलं पाणी ओतून टाकतात. हंडे, माठ, न्हाणीतलं पिंप रिकामं झालं होतं. उरली होती पुढच्या खोलीतली काचेची टाकी. "हाई बी पानीच शे," अक्का म्हणाल्या.

त्या पाण्याशी मी चौदा वर्षं भांडले. धुळ्यात यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान. कुठेतरी थंड समुद्रातली पोवळी पाहिली आणि वेडच लागलं. जुन्या डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर जोडून टाकी बसवली, मुंबईहून बर्फात घालून पोवळी आणली. बाहेर चव्वेचाळीस अंश, टाकीत बारा. वीज गेली की इन्व्हर्टर टाकीला आणि आम्ही पुठ्ठ्याने वारा घ्यायचा. शेजारीण एकदा अंगठीसाठी पोवळं मागायला आली, तर हे म्हणाले, "हाई खडा नही शे, तोंड शे." खरंच, फुलांसारखं दिसायचं ते प्रत्येक एक तोंड. बाकीची पोवळी उजेडावर तरी भागवतात, ही पाण्यातले कण गाळून खाणारी. दर तीन तासांनी थेंबाथेंबाने चारा. जास्त झाला तर पाणी नासतं, कमी पडला तर ती उपाशी मरतात. त्यामुळे आम्ही दोघं मिळून कुठे गेलोच नाही. पिंपळनेरला भाचीच्या लग्नालाही मी एकटीच, आणि यांना ताप म्हणून अक्षता पडताच परतीच्या एसटीत. कंटाळा येत नाही का, असं मी एकदा चिडून विचारलं. हे काच पुसत होते. येतो, म्हणाले, पण आणली मीच ना...

"अक्का, ते राहू द्या," मी म्हटलं.

"तुले ते यानी चीड व्हती ना व माय?"

होतीच. अजून आहे. मी गप्प बसले असते तर तासाभरात सुटले असते. पण दवाखान्याच्या धावपळीत दोन दिवस चारा पडला नव्हता आणि ती सगळी तोंडं उघडी होती. मी तांब्या घेतला, पाणी परत टाकीत ओतलं. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तेराव्यापर्यंत कुजबुज चालू होती, आणि अक्का जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

मुलगी पुण्याहून रोज फोन करते. पोवळी न्यायला तयार असलेला माणूसही तिने शोधलाय. तो येतो म्हणाला की मी ऊन फार आहे सांगते, मग पाहुणे आहेत सांगते. सकाळी सातला पहिला चारा सोडते. यांच्या वेळेला, यांच्याच नळीने, आणि तोंडं एकेक करत उघडतात. हे गेले ते या घरात फक्त या तोंडांनाच अजून कळलेलं नाही. दवाखान्याचे ते दोन दिवस निभावले, पण आता एक वेळ चुकली तर त्यांना कळेल, म्हणून पुण्याचं तिकीट मी दोनदा रद्द केलं.