तवंदीच्या घाटातला वास

दाजी गेल्याचा भाच्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडीत होते का रे?" नव्हते. सकाळचा चहा पिऊन अंगणातल्या खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच शांतपणे गेले. पण दाजी आणि गाडी मला वेगळे आठवतच नाहीत, त्याला मी काय करू... दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. निपाणीत त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि दारात जुनी पांढरी व्हॅन. तिला पुसण्याचा त्यांना इतका नाद, की आक्का तिला सवत म्हणायची.

महिन्यातून एका रविवारी दोघं बेळगावला आमच्याकडे यायची. येताना गाडी अगदी गुणी. परत जाताना मात्र तवंदीच्या घाटात ब्रेक दगा द्यायचे. करपल्यासारखा वास यायचा आणि पेडल मऊ पडून पार खाली जायचं. दाजी हँडब्रेक ओढून गाडी कडेला घ्यायचे, आणि थोडा वेळ थांबलं की ब्रेक पुन्हा ठणठणीत. आमच्या बेळगावजवळच्या मच्छे गावच्या मेस्त्रीनं ब्रेकचं ऑइल बदललं, लायनर बदलले, पण थंड गाडीत दोष काही सापडेना. शेवटी त्यांचा मुलगा, माझा भाचा, वैतागला. "आप्पा, गाडी इकायची. आनि ह्या वयात तुमी चालवायचं बी बंद." दाजींचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. गाडी गेली असती तर तो माणूस निम्माच उरला असता.

म्हणून पुढच्या रविवारी मी माझी गाडी काढून त्यांच्या मागोमाग निघालो. बेळगाव सुटल्यावर व्हॅनचा मागचा लाल दिवा जो लागला, तो संकेश्वर आलं तरी विझेना. मी त्यांना थांबवलं.

"दाजी, ब्रेकवर पाय ठेवून चालवताय व्हय?"

"दाबत न्हाय रं, नुसता ठेवतो," ते ओशाळून म्हणाले. "तुझी आक्का रस्त्याकडं बघतच न्हाय, माझ्या पायाकडं बघत बसती. पाय ब्रेकवर दिसला की गप्प ऱ्हाती."

आक्काचं जेवण सूर्यास्ताच्या आत. आम्ही जैन खरे, पण शहरात येऊन तो नेम मोडून बसलेले. तिचा मात्र पक्का. त्यामुळे परतीच्या वाटेवर आधी "लवकर चला", आणि वेग घेतला की "हळू चला". बिचाऱ्या दाजींनी दोन्ही ऐकलं. ब्रेक वाटभर घासत, तापत जायचे आणि घाटात ऑइल उकळायचं.

"मग मला आदी सांगायचं न्हाय व्हय?" आक्का फणकारली.

"सांगितलं असतं तर तू बसनं जायला लागली असतीस की."

एवढी वर्षं संसार केलेली माझी आक्का चक्क लाजली!

उपाय सोपा निघाला. येतील त्या रविवारचं जेवण पाचलाच आमच्याकडे. घाई संपली, दाजींचा पाय ब्रेकवरून उचलला गेला, किल्ली त्यांच्याकडेच राहिली. भाकरी मोडताना ते दर वेळी म्हणायचे, "ब्रेक बिघडला म्हनून जेवन मिळालं बघा." आम्हीही दर वेळी हसायचो.

ते गेल्यावर आक्काला मी त्याच व्हॅनमधून चार दिवस माहेरी आणलं होतं. गेल्या रविवारी पाचला जेवून तिला सोडायला निघालो. घाई कसलीच नव्हती, पण तिची नजर आपली माझ्या पायावर... तवंदीच्या घाटात तो करपल्यासारखा वास आला. मी गाडी कडेला घेतली.

"तू बी पाय ठेवलातास व्हय रं?"

"तू बघत होतीस ना."

ती हसायला लागली, मग मीही. हसता हसता डोळे भरून आले. वास जावा म्हणून मी काच खाली घ्यायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रं जरा. तुझे दाजी बसल्यागत वाटतंय."