रेषेच्या अलीकडे उडवलेला चेंडू

न्युरेम्बर्गहून आखनला जाणाऱ्या गाडीत श्रीधर तिसऱ्यांदा उठून दारापर्यंत जाऊन आला.

"अहो, बसा की! तुमच्या येरझाऱ्यांनी गाडी लवकर नाही पोचायची," ऊर्मिला म्हणाली.

बसला, तर गुडघा हलायला लागला. त्याच्या जुन्या अमेरिकन फुटबॉल क्लबचा आज वर्धापनदिन. 'श्रीधरचा किस्साही सांगणार आहोत,' असं आमंत्रणात होतं. किस्सा कुठला, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. समोर बसलेल्या अन्वीला मात्र नव्हतं. लेकीला त्याने फक्त घेतलेले झेल सांगितले होते.

पस्तीस वर्षांपूर्वी तो जर्मनीत, आखनला इंजिनिअरिंग शिकायला आला, तो नाशिकच्या मैदानांवर स्लिपमध्ये तयार झालेले हात घेऊन. लांबून फेकलेला चेंडू पळतापळता झेलायचा, हे रिसीव्हरचं काम त्याला आयतंच जमलं. मानधनावर खेळणारा तो क्लबचा पहिला रिसीव्हर. सहा मोसम खेळला. पण पहिल्याच अंतिम सामन्यात, शेवटच्या रेषेच्या दोन पावलं अलीकडे त्याने अफलातून झेल घेतला आणि सवयीने चेंडू आनंदात आभाळात उडवला. क्रिकेटमध्ये झेल घेतला की गडी बाद, काम संपलं. इथे चेंडू घेऊन रेषा ओलांडावी लागते. खाली आलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने उचलला आणि धूम ठोकली. सामना गेला.

मैदानावर पोचले तेव्हा लहान मुलामुलींचा सराव चालला होता. प्रत्येक जण झेल घ्यायचा, चेंडू पोटाशी आवळायचा, रेषेपार जायचा आणि मगच तो आभाळात उडवायचा.

अन्वी कोचशी बोलून धावत आली. "बाबा, या सरावाला ते 'श्रीधर' म्हणतात! वारुम? का बरं?"

श्रीधर पुन्हा येरझाऱ्या घालणार, तेवढ्यात ऊर्मिलाने त्याची बाही धरली. "सांगा आता. नाहीतर माइकवाला सांगेल."

त्याने सांगितलं. काही न गाळता. अन्वी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि एक चेंडू घेऊन आली.

"आल्झो, चला बाबा, पळा!"

चेंडू जरा उंचच आला. हातांनी तो बरोबर ओढून घेतला आणि तसेच वर जायला निघाले. श्रीधरने चेंडू पोटाशी दाबला आणि पळाला. रेषा गेली, तरी थांबेना.

"अहो, पुरे!" ऊर्मिला ओरडली. "रेषा केव्हाच मागे पडली! उडवा आता!"