दाराबाहेर शिकलेली ऑपरेटिंग सिस्टीम

“तू ऊठ. दाराच्या बाहेर जाऊन उभी राहा.”

सरांचं बोट माझ्याकडं होतं. कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळी बॅच बसलेली. मी शेवटच्या रांगेत. मी काय केलं, मला कळेना. बोलले नव्हते. मोबाइल काढला नव्हता.

“शिक्षा नाही गं. उदाहरण आहे. ऑपरेटिंग सिस्टीम समजावून सांगायचीय. जा.”

मी गेले. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागतं. त्या सगळ्यांच्या चपलांच्या ढिगात अनवाणी उभी राहिले.

“आता ओंजळ कर.”

“काय, सर?”

“ओंजळ. पाणी प्यायला करतात तशी. तुला बरोबर जमेल. तुमच्यात सवय असते.”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

मी ओंजळ केली. सर सांगतात ते करायचं, हेच आजवर अंगात भिनलेलं. हात वर आले, तेव्हा कान तापले होते. पण हात वर आले.

मी चुडाव्याची. वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादा गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधतात. माय दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाते. आमचं घर बौद्ध. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. चुडाव्याहून रेल्वेनं परभणीला यायचं, कॉम्प्युटरच्या डिग्रीचं पहिलं वर्ष.

लॅबमध्ये पुढच्या रांगांत नवीन मशिनं. तिथं बसणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं अकाउंट. नाव टाकलं, पासवर्ड टाकला की त्याचं सगळं काम समोर. काल जिथं सोडलं तिथून पुढं. मागच्या रांगेत जुनी मशिनं. तिथं आम्ही, सरकार फी भरतं ते फ्रीशिपवाले. आमच्या मशिनांवर कुणाचंच नाव नाही. एकच शब्द, गेस्ट. पाहुणा. गेस्टमधून बाहेर पडलं की केलेलं सगळं पुसलं जातं. मी प्रोग्राम लिहायचे, तास संपला की नाहीसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून. पुढची पोरं पुढं जायची. मी तिथंच.

सर म्हणायचे, “ही पोरं मागंच राहतात.”

तरी तो विषय मला आवडायचा. लय आवडायचा. बटण दाबलं की मशीन आधी स्वतःला चाचपून बघतं. मेमरी हाय का, डिस्क हाय का. मग डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टीम उचलून मेमरीत आणतं आणि सगळा कारभार तिच्या हवाली करतं. ती नसली तर समोरचं मशीन म्हणजे नुसतं लोखंड आणि काच. किबोर्डवर दाबलेलं अक्षर आधी तिच्याकडं जातं. कुठल्या खिडकीत टाकायचं, ती ठरवते. गाणं वाजायलंय, टायपिंग चालू हाय, प्रिंटर कागद ओढायलाय. आपल्याला वाटतं सगळं एकदमच. तसं नसतं. ती एका प्रोग्रामला क्षणभर प्रोसेसर देते, काढून घेते, दुसऱ्याला देते. इतकं झरझर की कुणालाच थांबल्यासारखं वाटत नाही. एकानं दुसऱ्याच्या मेमरीत पाय ठेवायचा नाही, हेही तीच बघते. म्हणून एक बंद पडला तरी बाकीचे चालत राहतात.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रेल्वेत खिडकीशी बसून मी एकटीच हसत होते. पूर्णा स्टेशन कधी आलं, कळलंच नाही.

फायलींचंही तसंच. कोणती फाइल कुणी उघडायची, कुणी नुसती वाचायची, कुणी पुसायची, हे सिस्टीम सांभाळते. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. परवानगी सिस्टीम देत नाही. ती नुसती पाळते. परवानगी देतो माणूस. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आमच्या लॅबमध्ये तो माणूस म्हणजे सर. आम्हाला पाहुणा मशिनानं केलं नव्हतं.

हे कळल्यावर मी सरांकडं गेले. “सर, मला माझ्या नावाचं अकाउंट पायजे.”

“कशाला? बसायला मिळायलंय, तेवढं बास की.”

काही दिवसांनी पुन्हा विचारलं. या वेळी सगळ्या बॅचसमोर. “सर, माझं काम रोज पुसून जायलंय. नाव टाकायला असा किती वेळ लागतो?”

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग फळ्याकडं वळले. मला वाटलं, संपलं. पुढच्याच तासाला त्यांनी मला दाराबाहेर उभं केलं.

आता सर टेबलावरची पाण्याची बाटली घेऊन दाराशी आले. उंबऱ्याच्या आत थांबले. तोंड वर्गाकडं.

“बघा. मी आत. मी म्हणजे कर्नल, सिस्टीमचा गाभा. मेमरी, डिस्क, सगळं माझ्या ताब्यात. ही बाहेर उभी. ही म्हणजे साधा प्रोग्राम. हिला तहान लागली, तर हिनं आत येऊन बाटलीला हात लावायचा का? नाही. बाटली बाटेल.”

पुन्हा हशा. आता मोठा.

“हिनं बाहेरून हाक मारायची. ह्याला म्हणतात सिस्टीम कॉल. मग कर्नल बघणार, द्यायचं का नाही. द्यायचं असलं तर वरून ओतणार. लक्षात राहील ना आता?” मग माझ्याकडं वळून, “मार हाक. सर, पाणी वाढा, म्हण.”

मी मान खाली घातली.

“लाजायलीस कशाला? तुझ्या आजीला विचार, कशी मारायची हाक.”

आणि त्यांनी बाटली वाकडी केली. पाणी ओंजळीत पडलं. गार होतं. बोटांतून मनगटावर आलं. मी त्या पाण्याकडं बघत होते. हे हात मीच वर केलेत. मीच खाली घेऊ शकते. एवढाच विचार आला. दुसरा कुठलाच नाही.

मी हात सोडले.

पाणी चपलांवर पडलं. थोडं सरांच्या पँटवर उडालं. हसणं तुटलं.

“काय केलंस? पूस ते.”

“न्हाई पुसणार.”

“काय?”

“मी पुसणार न्हाई, सर. तुमी सांडलंय.”

मी उंबरा ओलांडून आत गेले. बॅग उचलली आणि सगळ्यांच्या मधून बाहेर आले. कुणी वाट अडवली नाही. कुणी सोबतही आलं नाही.

घरी माय चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं. आजीचं आलं तेव्हा तिचा हात थांबला.

“आजीला कामून इचारायचं?” माय म्हणाली. “मीच उभी ऱ्हायलेली हाय. हापशावर. आमची घागर लांब. त्यांचं भरून झाल्यावर कुणीतरी दांडा मारायचं, तवा आमी भरायचो. तुझ्याहून ल्हान होते.”

तिनं हे कधीच सांगितलं नव्हतं. मी समजत होते, हे सगळं फार जुनं. पुस्तकातलं. ते माझ्या मायच्या अंगावरनं गेलेलं होतं आणि ती रोज माझा डबा भरत होती.

“मंग आता काय करतीस?” तिनं विचारलं.

“तक्रार.”

“पास करतेन का तुला?”

“न्हाई करणार.”

तिनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, “दे तक्रार.”

प्राचार्यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढला. सर शेजारच्या खुर्चीत. मी उभी.

“शास्त्रीय उदाहरण होतं,” सर म्हणाले. “बाटली बाटेल, ही नुसती कोटी. पोरांना लक्षात राहावं म्हणून.”

“जातीचं नाव घेतलं का त्यांनी?” प्राचार्यांनी मला विचारलं.

“नाव घेतलं न्हाई.”

“मग?”

मग पुढच्या रांगेतली पोरं एकेक करून बोलावली. आमचं लक्ष नव्हतं. आम्ही वहीत लिहीत होतो. ऐकू आलं नाही. सगळ्यांची तीच उत्तरं. शेवटी वैष्णवी आली. पोखर्णीची, मोठ्या शेतीवाल्या घरातली. माझ्याशी कधी बोललेली नाही.

“तू काय ऐकलंस?”

“सगळं ऐकलं, सर.”

“त्यात जातीचं काही होतं?”

वैष्णवी खाली बघत होती. “मी हसले होते, सर.”

“ते नाही विचारत मी.”

“तेच सांगायलेय. हे सर कशाबद्दल बोलायले होते ते मला कळलं, म्हणून मी हसले. सगळ्यांना कळलं. न कळता कुणी हसतं का?”

वैष्णवी माझ्याकडं न बघता निघून गेली. ती माझी मैत्रीण झाली नाही. पण ती खरं बोलली. त्यानंतर प्राचार्यांचा आवाज बदलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादांना बोलावलं. दादा कामावरनं तसेच आले. नखांत सिमेंट. त्यांना खुर्ची दिली. मला दिली नाही.

“हे बघा, मुलगी हुशार आहे,” प्राचार्य म्हणाले. “तिचं नुकसान नको. उद्यापासून तिच्या नावाचं अकाउंट चालू करतो. सर इथं माझ्यासमोर सॉरी म्हणतील. अर्ज मागं घ्या. प्रॅक्टिकलचे मार्क शेवटी सरांच्याच हातात असतात. मी काय म्हणतोय, तुम्ही समजू शकता.”

दादांनी माझ्याकडं बघितलं. “अकाउंट म्हंजी काय गं?”

“मशिनात मपल्या नावाची जागा, दादा. केलेलं काम ऱ्हातं तिथं.”

“ती तर तुला पयल्यापासूनच मिळाया पायजे व्हती न्हवं?”

“हो.”

मला भीती वाटली. त्यांनी आयुष्यभर ठेकेदारांपुढं मान खाली घालून काम मिळवलेलं. आता हात जोडतील. साहेब, लेकरू हाय, म्हणतील. ते खुर्चीवरनं उठले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“अर्ज हिचा हाय,” ते म्हणाले. “हिला इचारा.”

मी म्हणाले, “सरांनी जे केलं ते लॅबमध्ये केलं, सगळ्यांसमोर. इथं बंद खोलीत सॉरी नको. चौकशी करा. आणि अकाउंट एकटीला नको. मागच्या रांगेतल्या सगळ्यांना द्या.”

“विचार कर. वर्ष जाईल तुझं.”

“केलाय विचार. अर्ज मागं घेणार न्हाई.”

चौकशी समिती बसली आहे. निकाल लागलेला नाही. सर अजून शिकवतात. मागच्या मशिनांवर अजून गेस्टच. माझ्या प्रॅक्टिकलवर त्यांनी काठावर नापास होईल एवढे मार्क टाकले. मी त्याविरुद्धही अर्ज दिला. त्याची पोच घेतली. मागच्या रांगेतली दोन पोरं आता माझ्याशी बोलायला घाबरतात. त्यांच्यावर माझा राग नाही. परवा नातेवाईक घरी येऊन गेले. म्हणाले, शिकायचं का भांडायचं, एक काय ते ठरव. मी म्हणाले, दोन्ही.

मी कॉलेज सोडणार नाही. विषय बदलणार नाही. नापास केलं, परत बसेन. परत केलं, परत बसेन. समितीनं झाकलं तर पोलिसांत जाईन. तिथं कुणी लिहून घेतलं नाही तर कोर्टात. मला दमवता येईल, हे मला माहीत आहे. पण दमले म्हणून मी थांबणार नाही. मिटवून टाक म्हणून मला समजवायला आता कुणी येऊ नये. मला समजलेलं आहे.