वंदनाताईचं केयं

वंदनाताईला जाऊन आज वर्ष झालं. आणि आजच मला माइकवर सांगायचं आहे की ती चुकीचं बोलायची.

ती अकोल्याची, मी अमरावतीची. दोघी शाळाशाळांतून फिरणाऱ्या स्पीच थेरपिस्ट, दोघी कंत्राटी.

ओळखही ट्रेनिंगमध्येच झाली. रजिस्ट्रेशन टिकवायचं तर ट्रेनिंगचे पॉइंट लागतात. सकाळी हजेरीचा अंगठा, जेवणानंतर अंगठा, निघताना अंगठा. मधूनच सटकायची सोय नाही.

त्या दिवशी बाहेरून आलेले सर म्हणाले, उच्चारांची टेस्ट करून दाखवतो, कोणीतरी पुढे या.
ताई गेली. सर एकेक चित्र दाखवत गेले.

डोळा. "डोया."
शाळा. "शाया."
केळं. "केयं."

सरांनी मन लावून मार्क दिले आणि निदान केलं. उच्चारदोष, मध्यम स्वरूपाचा.

"सर, माही माय बी अशीच बोलते," ताई म्हणाली. "अख्खं गाव थेरपीले आनू का मंग?"

हॉल खो खो हसला. सरही हसले.
पण 'ळ'चा 'य' म्हणजे दोष, असं सांगणारी स्लाइड तशीच राहिली.

पुढे प्रत्येक ट्रेनिंगला ताईचा हात वर. 'ळ'चा 'य' हे आपल्याकडचं बोलणं आहे, दोष नाही. धडधाकट पोरं थेरपीला बसवली तर ज्याला खरंच बोलता येत नाही त्याचा नंबर कधी लागणार?

दरवेळी उत्तर एकच. "सूचना नोंदवली आहे, मॅडम."

मी वैतागून म्हणायचे, सोड ना ताई.

"काहून सोडू वं? बोललं का चूक, बोललं का चूक. लेकरू शायेत तोंडच उघडत नाई मंग."

मग तिलाच स्ट्रोक आला. वाचा गेली.

बोलायला शिकवणाऱ्या बाईची वाचा! देवाला दुसरं काही सुचलं नाही का, असं मी दवाखान्यात मोठ्यानं म्हणाले होते. आजही म्हणते.

सुट्टी मिळेल तशी मी बस धरून अकोल्याला जायचे. तीच चित्रं घेऊन. ती बघायची, ओठ हलवायची, डोळे भरून यायचे. शब्द सगळे आत होते, एकही बाहेर येईना.

एका दुपारी मी केळ्याचं चित्र धरलं. तिनं चित्रावर बोट टेकवलं.

"केयं."

स्पष्ट. अख्खं. मी तिच्या गळ्यात पडून रडले.

थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला. त्यानंतर ती काही बोललीच नाही.

आज तोच हॉल, तीच टेस्ट, आणि शिकवणारी मी. स्लाइड बदलायची नाही असा वरून मेसेज आहे. नाही म्हटलं तर पुढचा करार होईल की नाही, सांगता येत नाही.

अचलपूरहून आलेली एक नवी थेरपिस्ट पुढे आली. केळं बघून पटकन म्हणाली, "केयं." आणि जीभ चावली.
"मॅडम, चुकली का मी?"

टेस्टचे मार्क आता ॲपमध्ये भरायचे, आणि त्यात दोनच बटणं. मी 'बरोबर' दाबलं.
लाल पट्टी आली. उत्तर जुळत नाही, पुन्हा निवडा.

पुन्हा 'बरोबर'. पुन्हा लाल.
'चूक' दाबल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.

"दाबून टाका ना मॅडम, काय फरक पडते?" मागून कोणीतरी म्हणालं.

मी जेवणाची सुट्टी जाहीर करून टाकली.

डबा उघडून बसलेय आणि हे लिहितेय. थोड्या वेळात अंगठा लावून परत आत जायचं आहे. पडद्यावर केळं तसंच आहे, आणि सगळे माझ्या बोटाकडे बघणार आहेत.

ताई, पुढे काय होईल मला माहीत नाही.

पण तू बरोबर बोलली होतीस.

जाते आत.