समुद्रापलीकडचा मऊ भात

देवीचा अंमल समुद्रापलीकडे चालतो की नाही, ही शंका मला बोटीवरच आली. मुंबईचा किनारा दिसेनासा झाला, मी डेकवर उभी राहून हात जोडले, आणि कोल्हापूर नेमकं कुठल्या दिशेला हेच कळेना. जयपुरात असं कधी झालं नव्हतं. तिथं विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये एका कोनाड्यात अंबाबाईचा चांदीचा टाक होता. लग्न होऊन गेल्यापासून माझ्या सगळ्या तक्रारी मी त्या टाकासमोर मांडत आले होते. जेठाच्या उन्हाळ्यात नळ कोरडा पडला, दूधवाल्या भैयानं पाणी जास्त घातलं, प्राचार्यांनी यांची बढती अडवली, काहीही झालं की मी तिथं जाऊन उभी. मागणं सांगताना मी थोडी दरडावतेच, असं यांचं मत आहे. निघताना टाक शेजारच्या भाभींकडे दिला आणि रोज कुंकू वाहण्याचं वचन घेतलं. मतलब, देवी जयपुरात आणि मी बोटीवर. हे मी यांना बोलून दाखवलं, तर हे म्हणाले की देवीला पासपोर्ट लागत नसेल. मला ते अजिबात आवडलं नाही.

हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, आणि विषय खेकडे. जयपुरात राहून माणसानं खेकड्यांच्या मागे का लागावं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही. कॉलेजातले खेकडे सगळे बाटलीत. जिवंत पाहायचा तर रामगढच्या बंधाऱ्यावर सहल काढायची, आणि तो दिसला तर नशीब. त्यामुळे साठ सालानंतर कधीतरी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादहून काही महिने अभ्यासाला या म्हणून बोलावणं आलं, तेव्हा यांनी मला विचारायच्या आधीच होकार कळवला होता.

बेटाच्या एका टोकाला समुद्रकाठचं ते गाव. नाव फ्रेंच होतं, आणि आम्हा दोघांनाही ते नीट म्हणता आलं नाही. एक चर्च, एक धक्का, वाळूत पालथ्या घातलेल्या होड्या, आणि गाव संपलं की नारळाच्या बागा. आम्ही उतरलो होतो एका भल्यामोठ्या, हसऱ्या बाईंच्या खानावळीत. बाई मनानं सोनं. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुणाला पाऊल टाकू देत नसत. माझ्या सासूबाईंचं सोवळं कडक म्हणून मी जयपूरभर सांगत फिरायचे. त्या बाईंपुढे सासूबाई अगदीच ढिल्या म्हणायच्या. आम्ही मांस-मासे खात नाही हे त्यांना समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि पहिल्याच दिवशी यांच्यापुढे खेकड्याचं सार आलं. मासे नकोत म्हटलं होतं, खेकडा कुठं मासा आहे, असं त्यांचं म्हणणं. हे त्या वाडग्याकडे बघत राहिले. "मी याच्यावर प्रबंध लिहिलाय," एवढंच म्हणाले.

नंतर आम्ही पाव आणि केळी यांवर भागवू लागलो. मला ते निभलं, यांना निभलं नाही. पोट बिघडलं, मग ताप आला, मग जे पोटात जाई ते उलटून येऊ लागलं. दिवसभर गुडघाभर पाण्यात खेकड्यांमागे धावणारा माणूस उशीवरून मान उचलेनासा झाला. गावचे डॉक्टर आले, औषध दिलं, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की औषधानं अर्धंच काम होतं. पोटात हलकं अन्न टिकायला हवं. उद्यापर्यंत नाही टिकलं तर लॉरीत घालून शहराच्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, आणि इतका अशक्त माणूस त्या रस्त्याला कसा तग धरेल हे सांगता येत नाही. इतका वेळ मी रागावलेली होते, यांच्यावर, खेकड्यांवर, बाईंवर. आता घाबरले. परक्या मुलखात, जिथं आपलं रडणंसुद्धा कुणाला कळणार नाही तिथं, मी एकटी उरेन की काय, हा विचार मनातून जाईना.

यांना विचारलं, काय खाल? डोळे मिटूनच म्हणाले, "मऊ भात."

भात त्या घरात रोज होई, पण नारळाच्या दुधात, खारवलेल्या मांसाच्या तुकड्यांसकट. साधा भात मागितला, तर बाईंनी प्रेमानं तुकडे वेचून काढले आणि तोच आणला. मी स्वतः करते म्हटलं, तर उंबरठा आडवा. मेतकुटाचा डबा तर बंदरावरच गेला होता. कस्टमच्या माणसानं झाकण उघडून हुंगलं, शिंका देत देत डबा जप्त केला. शेवटी बाईंनी हातवारे करून सांगितलं की बागांपलीकडे तुमच्यातले लोक राहतात, तिकडे जा. यांना त्यांच्या भरवशावर सोडून मी भर दुपारी निघाले.

जयपुरात माणूस हरवत नाही. रस्ते सरळ, चौक नेमके, चुकलंच तर कुणी भैया घरापर्यंत आणून सोडतो. इथं झाडांमागे झाडं, सगळी एकाच आईची लेकरं, आणि वाट म्हणावी तर वाळू. मी चालत होते आणि देवीशी भांडत होते. म्हटलं, तुला इथलं दिसत नसेल तर तसं सांग, म्हणजे मी तरी आशा सोडते. कोपऱ्याकोपऱ्यावर बांबूला लाल-पिवळी फडकी दिसत होती. उंचावर वाळत घातलेले कपडे असतील असं वाटून मी त्यांना वळसा घालत पुढं गेले. पूजा झाली की अंगणात झेंडी लावायची ही तिथल्या आपल्या लोकांची रीत, हे मला फार नंतर कळलं. साक्षात हनुमानाच्या निशाणांना धुणं समजून मी त्यांच्यापासून लांब पळत होते.

अशाच एका झेंडीखालच्या कुंपणाशी एक काळा कुत्रा माझ्या अंगावर आला. मला कुत्र्याची भयंकर भीती. मागं सरले तर पदर कुंपणात अडकला, आणि उन्हाची, भीतीची, यांच्या आजाराची सगळी मिळून एकच किंकाळी तोंडातून निघाली, "आई! आई!" अंबाबाईला मारलेली हाक होती ती. त्या दिवशी पहिल्यांदाच तीत मागणं नव्हतं, तक्रार नव्हती, दरडावणी तर नव्हतीच.

आणि घरातून शांत आवाज आला, "आईं, आईं."

माझ्या अंगावर काटा आला. कुत्रा शेपूट हलवत बाजूला झाला. दारात एक वाळकी म्हातारी उभी होती. डोक्यावर ओढणी, हातात चांदीची कडी, नाकात फुली. "भीतर आईं," ती पुन्हा म्हणाली, आणि मी तिच्या पायांवर कोसळले. ती बिचारी गोंधळली. तिनं मला उठवून पाणी दिलं. मी माझ्या जयपुरी हिंदीत सगळं सांगू लागले. तिची भाषा तिच्या सासऱ्यांनी आपल्या देशातून इथल्या ऊसमळ्यावर मजुरीला येताना सोबत आणलेली, त्यामुळे माझं अर्धं तिला कळेना आणि तिचं अर्धं मला. चावल म्हणून पाहिलं, बीमार म्हणून पाहिलं. शेवटी रडता रडता मराठीच निघालं, की यांना मऊ भात हवाय हो.

"भात?" तिचा चेहरा उजळला. "हमार घर में भात ना होई, त कहाँ होई?"

जयपुरात मी नवी होते तेव्हा आज आमच्याकडे भात आहे असं भाभींना सांगितलं होतं, तर त्यांनी विचारलं होतं, लग्न कुणाचं. तिकडे मामा लग्नात जो आहेर आणतो तो भात. तेव्हापासून तो शब्द मी घराबाहेर कधी काढला नव्हता. आणि इथं, जगाच्या दुसऱ्या टोकाला, तो ऐकून एका अनोळखी बाईनं चूल पेटवली.

म्हातारीला गाव आजी म्हणत असे. आजी म्हणजे तिच्या भाषेतही आजीच. पातेलं डोक्यावर घेऊन ती माझ्याबरोबर आली आणि थेट खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरली. आता भांडण होणार असं मला वाटलं. पण बाई चक्क बाजूला सरल्या. त्यांची सगळी बाळंतपणं आजीच्या हातची, मग तिला अडवणार कोण! आजीनं भात आणखी शिजवून, घोटून, मीठ घालून दिला. मी चमच्यानं भरवला. पहिला घास टिकला, दुसरा टिकला. वाटीच्या तळाशी आल्यावर यांनी डोळे उघडून विचारलं, "मेतकूट नाही का?" मी इतकी रडले की बाईही माझ्याबरोबर रडल्या, का ते त्यांना ठाऊक नसताना. लॉरी लागली नाही.

हे उठून बसू लागल्यावर मी सगळं सांगितलं, की मी आईला हाक मारली आणि आईनं ओ दिली. भात घेऊन आलेली आजी तिथंच बसली होती. यांनी तिला खोदून खोदून विचारलं आणि मग विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले. म्हणाले, "अगं, यांच्या बोलीत 'आईं?' म्हणजे 'मी येऊ का?' आणि 'आईं' म्हणजेच 'या ना'. तू 'येऊ का' विचारलंस असं वाटून त्या 'या' म्हणाल्या." आजीनंही मान डोलावली. हल्लीच्या पोरी न विचारता घरात घुसतात, ही मात्र कुंपणाशी थांबून विचारत होती, केवढी रीतीची, असं कौतुकही केलं. माझ्या किंकाळीला रीत म्हणणारी ती एकटीच.

यांना वाटलं, चमत्कार संपला. मी वाद घातला नाही, आणि त्याचंच यांना जास्त आश्चर्य वाटलं. मी मात्र दिवसभर तेच घोळवत राहिले. इतकी वर्षं मी देवीला ये म्हणत आले होते. माझ्या नळाशी ये, माझ्या बढतीशी ये, माझ्यामागून बोटीवर ये. आणि ती कुठून कुठून, कुठल्या तोंडानं, कधीपासून मला म्हणत असेल, तू ये.

जयपूरला परतल्यावर टाक पुन्हा कोनाड्यात बसला. भाभींनी वचन पाळलं होतं, कुंकवाचा थर बोटभर चढला होता. तक्रारी माझ्या आजही असतात, पण त्या आता थोडं थांबतात. सकाळी न्हाऊन समोर उभी राहते, हात जोडते आणि फक्त "आई" म्हणते. हाक मारते की येऊ का म्हणून विचारते, हे माझं मलाच आता सांगता येत नाही.