शिरढोणच्या पुढे बंद पडलेली गाडी

माझी कॉलर नवरीच्या भावाच्या मुठीत होती, आणि धर्मादादा पेट्रोलच्या टाकीला कान लावून बसले होते.

आज सकाळी दादा गेले.

पळस्प्याला हायवेलगत त्यांचं गॅरेज. नव्वद सालाच्या आसपास पनवेलमधली कुठलीही गाडी हट्टाला पेटली की शेवटी तिथेच यायची.

आज स्मशानात एक जण म्हणाला, मेकॅनिक ग्रेट, पण त्या लग्नाच्या गाडीत मात्र फसले होते. चार जण हसले.

मी तिथे बोललो नाही. बोललो असतो तर हात उठला असता. म्हणून इथे लिहितोय.

ती गाडी मी चालवत होतो.

एस.वाय.ला सरांशी भांडून कॉलेज सोडलेलं. मेव्हण्याची टुरिस्टची गाडी चालवायचो. वय बावीस, डोकं गरम, आणि आपल्याला सगळं येतं हा फुल कॉन्फिडन्स.

नवरी आमच्या कॉलेजमधली. नाव लिहिणार नाही. आमच्यात काहीही नव्हतं. जे होतं ते माझ्या एकट्याच्या डोक्यात, तिला पत्ताही नव्हता.

तिच्या भावाला मात्र संशय होता. कॉलेज सोडल्यावरही मी गेटवर रोज का उभा असतो, हे त्याने हेरलं होतं.

तिच्या वडिलांनी गाडी बुक केली तेव्हा मेव्हणा म्हणाला, दुसरा ड्रायव्हर पाठवतो. मी म्हटलं, मीच जाणार. का, ते विचारू नका.

मे महिना. लग्न पेणला, मुहूर्त बाराचा. मागे नवरी, करवली आणि मामा. पुढे माझ्या शेजारी भाऊ. वऱ्हाडाची बस आधीच निघून गेलेली.

पळस्पे सोडलं आणि गाडीने आचके दिले. बंद.

मी बॉनेट उघडून लेक्चर दिलं. उन्हाने पेट्रोलची वाफ झालीय, पंप ओढत नाही, वगैरे. पंपावर ओलं फडकं ठेवलं. दहा मिनिटांनी गाडी चालू. भावाकडे असं बघितलं की जसं काही इंजिन मीच बनवलंय.

शिरढोणला परत बंद. परत फडकं, परत चालू.

शिरढोणच्या पुढे तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा एका स्कूटरवाल्याच्या हातापाया पडून त्याला दादांना आणायला पाठवलं.

दादांची एक पद्धत होती. पान्याला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचं. किती चालली, कशी बंद पडली, किती वेळाने चालू झाली. बॉनेटकडे बघायचंसुद्धा नाही.

मी ऐटीत सांगितलं, फडकं ठेवलं की चालू होते.

"फडक्यानं नाय. थांबल्यानं," दादा म्हणाले, आणि मागे टाकीपाशी जाऊन बसले.

तेवढ्यात भावाने माझी कॉलर धरली. हळू बोलला, पण दात आवळून. "मुहूर्त चुकवायचाय ना तुला? मला सगळं माहितीये."

मामांनी काच खाली केली. "काय माहितीये रे?"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी एक ठोसा मारला असता तर मार मी खाल्ला असता, पण नाव तिचं गेलं असतं. मांडवात पोचायच्या आधी. आणि काहीही नसताना.

आयुष्यात पहिल्यांदा मी हात खाली ठेवले.

दादांनी टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स. हवा आत गेली.

साधं आहे. पेट्रोल संपत जाईल तशी त्याच्या जागी हवा यायला हवी. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल पुढे येत नाही. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, गाडी चालू होते, आणि ड्रायव्हरला वाटतं आपण हुशार.

भोक बुजलं होतं दुधाच्या पिशवीने. झाकणाच्या आत, नीट घडी घालून.

ती मीच लावली होती. टाकी फुल होती, झाकणातून वास यायचा. आणि पेट्रोलच्या वासाने तिला मळमळतं, हे मला कॉलेजच्या ट्रिपपासून माहीत होतं.

दादांनी पिशवी बघितली. मग मला बघितलं. मग मागच्या काचेतून नवरीची खाली गेलेली मान.

पिशवी मुठीत चुरगाळून खिशात टाकली.

"पोराला सोड. मागल्या हप्त्यात टाकी मी उघडलेली. झाकन चुकीचं बसवलं. चूक माजी हाय."

भावाची मूठ सुटली.

मामा मग दादांवर घसरले. मेकॅनिक म्हणवता, लाज वाटत नाही का, बरंच काही. तळोज्याच्या कारखान्यांतल्या इंजिनियरांना "तुमाला नाय कललं" म्हणून तोंडावर सांगणारा माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला.

मुहूर्ताच्या आधी पोचलो. तिला गाडी लागली नाही.

संध्याकाळी गॅरेजवर गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर दादा म्हणाले, उद्यापासून कामाला ये, आधी विचारायला शिक. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. आज जे काही मला येतं ते तिथलं.

मामांनी ती गोष्ट गावभर केली. दोन टुरिस्टवाल्यांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मी चिडून म्हटलं, आता खरं सांगतो सगळ्यांना.

दादांनी कार्बोरेटरमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "ती सुखात नांदते ना? मग गप ऱ्हा."

गप्प राहिलो. इतकी वर्षं.

आज स्मशानातून आल्यावर तिच्या भावाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लिही."

तर पनवेलकरांनो, ऐका. त्या टाकीला दादांनी हातही लावला नव्हता. पिशवी माझी होती. दादा फसले नव्हते.

दादा, तुमचा शब्द आज पहिल्यांदा मोडला. हवं तेवढं रागवा.

तुमच्या पायांवर डोकं ठेवून, शेवटचा नमस्कार.